कोवळी सवत

"आई, तुमची सवत सापडली!" ऋजुताने मोबाइल सासूबाईंच्या नाकासमोर धरला.

वालाच्या डाळिंब्या सोलता सोलता कालिंदीबाईंनी चष्मा वर सरकवला. पडद्यावर एक मुलगी उभी होती. बशीएवढे डोळे, निळे केस, आखूड झगा आणि पाठीला चक्क तोफा बांधलेल्या. जपानी कार्टूनसारख्या त्या खेळात जुन्या युद्धनौकांना मुलींचं रूप दिलं होतं, आणि ही होती 'भैरवी'. कालिंदीबाईंचा नवरा जिच्यावर खलाशी होता, तीच नौका. सुटी संपवून तो निघाला, की त्या चिडवायच्या, "निघा आता, सवत वाट बघतेय." पुढे युद्धात भैरवी बुडाली, ती त्याला घेऊनच.

"बाई गं, किती कोवळी ठेवलीय हिला! आणि मी बघ," कालिंदीबाई हसल्या. "झगा तरी जरा लांब शिवायचा."

"थांबा, बोलतेसुद्धा ती." ऋजुताने मुलीच्या गालावर बोट टेकवलं. मुलीने डोळ्यांत पाणी आणलं आणि ती नाजूक आवाजात इंग्रजीतून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते गं?"

ऋजुता अडखळली. "म्हणते... समुद्राच्या तळाशी फार एकटं वाटतं. माझ्याजवळ कुणी म्हणजे कुणी नाही."

कालिंदीबाईंच्या बोटांत डाळिंबी चिरडली.

"एकटी?" त्या म्हणाल्या. "खोटारडी मेली! माझा नवरा आहे की तिच्यापाशी."