अर्धा इंच

रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर एका फळीला आवळून बांधलं होतं आणि फळीवर वाळूची दोन पोती होती. नवीन पाती पहिल्यांदा फिरवायची तर मशीन असं बांधूनच, हा फिटरकाकांचा कायदा. मशीन दीड हात लांबीचं का असेना, कायदा म्हणजे कायदा.

"तू भिंतीमागे जा," ते बायकोला म्हणाले. "पात्यांच्या रेषेत उभं राहायचं नाही."

काकू हलल्या नाहीत. आज त्यांचा जीव टांगणीला लागला होता, कारण मूळ कल्पना त्यांचीच होती. पडदे शिवण्यात त्यांचा जन्म गेलेला. हलका पडदा वाऱ्याने फडफडू नये म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे घालतात. तसंच वजन पात्यांच्या टोकाशी घातलं तर? दुखण्यातून उठल्यापासून काकांचे हात थरथरायचे, आणि हात थरथरले की वर ते हलकंफुलकं मशीनही पिसाळल्यासारखं नाचायचं. महिन्यात दोनदा आपटलं. "आता आपटलं की माळ्यावर टाकतो," असं काकांनी जाहीर केलं, तेव्हापासून काकू विचार करत होत्या. कारखाना सुटला, गाडी चालवणं सुटलं. हेही सुटलं तर हा माणूस खुर्चीत बसून नुसता भिंतीकडे बघत राहील.

काकांनी कल्पना उचलून धरली होती, फक्त शिसं वरून टेपने चिकटवायला निघाले होते. "वरून?" काकू ओरडल्याच होत्या. "पडद्यालासुद्धा मी वरून लावत नाही. सुटलं तर गोळीसारखं जाईल कुणाच्या तरी डोळ्यात!" मग लाकडी पात्याच्या पुढच्या धारेजवळ भोक, भोकात शिसं, शिशावर दोन ट्यूब कालवून केलेला पक्का गोंद, आणि त्यावर गुंडाळून चिकटवलेली तलम कापडाची पट्टी. एक पातं काकांनी केलं, एक काकूंनी. दोन्ही काट्यावर ठेवली, तर गुंजभराचाही फरक नाही. काका खूश.

आता ती पाती मिटून शेपटीलगत शेजारी शेजारी पडली होती. उघडायला काका वाकले, तेवढ्यात काकू पुढे झाल्या.

"थांबा, मी उघडते."

शिवून झालेल्या पडद्याच्या दुमडीवरून अंगठा फिरवायची त्यांची जुनी खोड. तसाच तो दोन्ही पट्ट्यांवरून फिरला, आणि थबकला. कापडाखाली शिशाचे उंचवटे लागत होते, पण ते एका ओळीत नव्हते.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही टोकापासून किती धरलं होतं?"

"दोन इंच. ठरलं होतं ना? तू किती धरलंस?"

"दोनच. पण..." काकूंचा अंगठा पात्याच्या टोकाशी गेला. "पडद्याच्या सवयीने दुमडीला अर्धा इंच सोडून."

काकांनी पाती सोडवली. स्टीलच्या पट्टीच्या कडेवर एकेक आडवं ठेवून तोललं आणि तोल साधला तिथे पेन्सिलने खूण केली. खुणा जुळल्या नाहीत. वजन सारखं, तोल निराळा. काटा सांगेल ते खरं मानत आलेला माणूस त्या दोन खुणांकडे बघत राहिला.

"फिरवलं असतं तर?" काकूंनी विचारलं.

"बांधलंय, म्हणून उडालं नसतं. पण हादरून हादरून पातंच निखळलं असतं." बोलता बोलता काकांची नजर मघाशी काकू उभ्या होत्या त्या जागेकडे गेली. बरोबर पात्यांच्या रेषेत. ते मटकन पोत्यावर बसले.

आता आपली धडगत नाही, असं समजून काकू खाली मान घालून उभ्या राहिल्या.

"मला एक सांग," काका म्हणाले. "लाकडाला शिलाई कुठून मारणार होतीस?"

आधी काकांनाच हसू फुटलं, मग काकूंना. हसता हसता त्याही दुसऱ्या पोत्यावर टेकल्या. वाचलो, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. वाचलो बाई.

"थोडी टेप लावून जमवता येईल का हो?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"थातुरमातुर काही नको. नवीन पाती करू. आणि तोल मी आधीच बघायला हवा होता. निम्मी चूक माझी."

पुढच्या रविवारी पाती नवीन होती. मोजलं सगळं काकूंनी, तोललं सगळं काकांनी. बांधलेल्या मशीनवर ती पाच मिनिटं फिरली, आणि काकू निमूटपणे भिंतीमागे बसल्या. काकांनी मशीन थांबवून पट्ट्या चाचपल्या. शिसं जागचं हललं नव्हतं. मग त्यांनी दोर सोडले, दहा पावलं मागे आले आणि काकूंना शेजारी बोलावलं.

मशीन उठलं. झाडाच्या शेंड्याएवढं वर गेलं आणि तिथेच थांबलं. काका मान वर करून बघत होते, पण आपल्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास बसत नसावा.

"हलतंय का गं?"

काकूंनी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. रिमोट धरलेले दोन्ही हात थरथरत होते, अंगठे तर फारच. मग त्यांनी वर पाहिलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही."