अँटेना

जामसरच्या अनसूयाकडे टीव्ही आला आणि दर बुधवारी संध्याकाळी पाड्यातल्या बायका मालिका बघायला तिच्याकडे जमू लागल्या. मालिकेतली सून अपघातात पायाने अधू झाली होती आणि सासू तिला घरावरचं ओझं म्हणायची. अनसूया पदराने डोळे पुसत त्या सासूच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

अनसूयाची नणंद चंदा दाराजवळ बसायची. लहानपणीच पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडला होता. उठाबसायला सोपं जावं म्हणून ती जागा वहिनीनेच तिला दिली होती.

आज मालिकेतली सून सात महिन्यांनी चाकाच्या खुर्चीतून उठणार होती. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले, मागे सतार रडू लागली, बायकांनी श्वास रोखले, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या.

"चंदे, पळ! अँटेना फिरव!" अनसूया पडद्यावरची नजर न काढता ओरडली. "दाराशी तूच आहेस. पळ लवकर, नाहीतर ती उभी राहायची आणि आपलं बघायचं राहायचं!"

चंदा भिंतीला धरून उठली, घराला वळसा घालून मागे गेली, डावा पाय हाताने उचलून शिडीच्या एकेका पायरीवर ठेवत पडवीच्या पत्र्यावर चढली आणि अँटेनाचा बांबू हळूहळू फिरवू लागली.

"आलं का, वहिनी?" तिने दोनदा विचारलं. खालून कुणी ओ दिली नाही.



मग एकदम सगळ्या बायकांचे हुंदके ऐकू आले आणि चंदाने बांबू सोडला. चित्र आलं होतं.