मालकाचं वजन

"जॅकवर असताना कशाला आवळलेस बोल्ट? ढिले कर सगळे," केमोनंतर पहिल्यांदाच अंगणात आलेले अप्पा म्हणाले. "गाडी चाकांवर आणि मालक सीटवर, तेव्हाच आवळायचे. नाहीतर पुढे वजन पडलं की सांध्यांतले रबरी बुश पिळवटून फाटतात."

जुन्या फियाटचं पुढचं सस्पेन्शन केतकीने एकटीने खोलून नव्या बुशांसह बसवलं होतं. वडिलांनी पुन्हा ही गाडी चालवावी, एवढाच तिचा हट्ट. बोल्ट ढिले करून तिने जॅक उतरवला आणि पाना घेऊन खाली सरकली. अप्पा दाराला धरून सावकाश सीटवर बसले.

पूर्वी ते बसले की गाडी चांगली बोटभर दबायची. आज स्प्रिंग जेमतेम हलली.

"आवळतेस ना गं?" वरून आवाज आला.

केतकीने पाना बोल्टला लावला आणि परत काढून घेतला.

"नाही. एवढ्याशा वजनाला आवळले, तर तुम्ही धडधाकट झाल्यावर बुश फाटतील. आधी नीट जेवायला लागा."

अप्पांनी सीटवरूनच स्वयंपाकघराकडे हाक मारली, "ऐकलंस का? आज माझी एक भाकरी जास्त टाक."