दोर

हौसाक्कांचा लेक पोलिसात लागला, तेव्हापासून एकाही सणाला घरच्या ताटावर बसला नव्हता. यंदा त्यांनीच पुरणपोळीचा डबा बांधला नि जत्रेच्या बंदोबस्तावर त्याला गाठलं.

रथ येत होता. गर्दी थोपवायला तो दोर धरून पाठमोरा उभा होता. घामेजल्या शर्टातून पाठीची हाडं दिसत होती. कोपरं मारत हौसाक्का पुढं घुसल्या नि त्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

"ओ बाई, मागं सरका!" तो न वळताच ओरडला.

उभी गल्ली ज्यांना टरकायची, त्या हौसाक्का मुकाट दोन पावलं मागं सरल्या. मग डबा पोटाशी धरून बाजूच्या बायकांवर कडाडल्या, "कान फुटले का गं? हवालदार सांगतोय ना, सरा मागं!"

आईचा आवाज ऐकून त्याची पाठ ताठ झाली. पण त्यानं दोर सोडला नाही.