कुटुंब संरक्षण

"काल दुपारी नोकरीच्या जाहिराती कशाला बघत होतीस?" श्रीरंगनं विचारलं.

वैजयंतीचा हात चहाच्या गाळण्यावरच थांबला. काल दुपारी नवरा तर ऑफिसात होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नव्या अँटिव्हायरसनं. त्यात 'कुटुंब संरक्षण' आहे. घरच्या कॉम्प्युटरवर तू काय उघडलंस, ते मला मोबाइलवर दिसतं. म्हणून तर हाच निवडला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तुमच्या लॅपटॉपवर कोण लक्ष ठेवतं?"

"माझ्यावर कशाला? कुटुंब म्हणजे तू." सासरे सासूबाईंची ओळख 'हे आमचं कुटुंब' अशी करून द्यायचे, अगदी त्याच सुरात.

गाळणं आपटून ती कॉम्प्युटरपाशी गेली आणि अँटिव्हायरस काढू लागली. पडद्यावर प्रश्न आला, 'तुमचं कुटुंब असुरक्षित होईल. चालेल?'

"चालेल काय, पळेल," म्हणत तिनं बटण दाबलं.