विदोसावाच्या घरचे पाहुणे

कोबीच्या पानांत गुंडाळलेले खिम्याचे सार्मे पुन्हा गरम करून झाले, तरी फाटकातून चिटपाखरूही आत आलं नव्हतं. विदोसावा पडदा सरकवून रस्त्याकडे बघायची आणि परत चुलीपाशी जायची. चुलीपाशी खरं तर काही कामच उरलं नव्हतं.

आज स्लावा, घराण्याच्या संताचा दिवस. स्लावाला कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. ज्याला यायचं तो आपणहून येतो, दारातच गोड गव्हाचा चमचा तोंडात घालतो आणि जेवायला बसतो. गेल्या वर्षी जागा पुरली नाही म्हणून पोरं जिन्यावर जेवली होती. यंदा मेणबत्ती निम्मी जळाली तरी टेबलं रिकामीच. बरं, फोन करून विचारायची सोय नाही. स्लावाला "येताय ना?" म्हणून विचारणं म्हणजे आपणच आपली अब्रू काढणं.

"येतील गं," रादोश म्हणाला. यजमानानं या दिवशी बसायचं नसतं, म्हणून तिचा नवरा बिचारा सकाळपासून कोट चढवून उभा होता. "थंडी किती आहे बघ. उशीर होणारच."

"थंडी काय आपल्याच दारात पडलीय?"

त्यानं कोटाचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं. लोक का येत नाहीत, ते दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या महिन्यात शहराच्या बसस्टँडवर चार टगे त्यांच्या मुलावर, वुकाशिनवर, आणि तादियावर तुटून पडले होते. का, तर ही दोन पोरं हातात हात घालून बसची वाट बघत होती. वुकाशिनचा जबडा मोडला, तादियाच्या खांद्याचं हाड. तोवर गावाच्या लेखी तादिया म्हणजे वुकाशिनच्या खोलीवर राहणारा मुलगा. त्या दिवसापासून ते सोंगही संपलं.

दवाखान्यात विदोसावानं दोघांनाही सूप पाजलं होतं. तादिया तिला आवडायचा, हीच तर पंचाईत होती. पण वुकाशिननं तोंड उघडता येत नाही म्हणून फोनवर लिहून विचारलं, 'स्लावाला तादिया येऊ दे?' तेव्हा ती म्हणाली, "या वर्षी नको रे राजा. लोक येतील."

पोरानं नुसती मान हलवली. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढे सणाच्या पावाचं पीठ मळायचं पाणी मंत्रायला फादर ग्लिगोरिये घरी आले. त्यांनी सरळच विचारलं, "तादिया येतोय ना?" विदोसावा गडबडली आणि तोंडाला येईल ते बोलून गेली, "कसा येणार, फादर? बस त्याच स्टँडवर बदलायची. घाबरतो बिचारा." हे काही अगदीच खोटं नव्हतं. पण पुढच्या रविवारी चर्चला जायला तिचा पाय उचलला नाही, आणि रादोशही तिच्यासोबत घरीच राहिला.

आणि ज्या लोकांपायी तिनं त्या लेकराला नको म्हटलं, तेच लोक आले नव्हते. "बरी खोड मोडली माझी," असं पुटपुटत तिनं कमरेला बांधलेल्या फडक्यानं डोळे पुसले.

फाटक वाजलं. फादर ग्लिगोरिये एकटेच होते. त्यांनी बूट झटकले, गव्हाचा एक चमचा खाल्ला, त्यांच्या पंथात पाद्री संसारी असतात; टोकायला बायको बरोबर नाही हे पाहून दुसराही खाल्ला. रादोशनं सणाचा पाव पुढे धरला.

"थांब," फादर म्हणाले. "इतक्यात कापायचा नाही."

विदोसावाचा पाराच चढला. "तुम्हीसुद्धा, फादर? आमच्या घरचा पाव कापला तर तुमचे हात विटाळतात का?"

"काय बोलतेस बाई! अजून माणसं यायचीयत."

"कुठली माणसं? सगळं गाव दारं लावून बसलंय!"

"दारं लावून? अगं, गाव स्टँडवर गेलंय." फादरनी घास गिळला. "तूच म्हणालीस ना, तादिया तिथे उतरायला घाबरतो. मी रविवारी चर्चमध्ये विचारलं, त्याला आणायला कोण येतंय? म्हटलं दोघं-तिघं उठतील. सगळेच उठले. दोब्रिवोयेनं तर कोंबड्यांची व्हॅन धुऊन काढली. मला यातलं काही पटत नाही म्हणतो, पण आपल्या माणसाला हात लावतात म्हणजे काय, असं म्हणत सगळ्यांत पुढे तोच." मग त्यांनी तिच्याकडे तिरकं पाहिलं. "तेवढंच कारण होतं ना गं?"

विदोसावा सार्म्यांचं झाकण उघडून आत बघू लागली.

वुकाशिन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खोलीच्या दारात उभा होता आणि तारेनं बांधलेल्या दातांतून हसत होता.

"तुला ठाऊक होतं, लबाडा?"

त्यानं जबड्याकडे बोट दाखवलं. सांगणार कसा? फोन मात्र त्याच्या खिशातच होता.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजले. मोटारी लागल्या, व्हॅन लागली, सणाचे कपडे घातलेली माणसं भराभर उतरली. पण फाटकातून कुणी पुढे येईना. त्यांनी तादियाला पुढे केलं. एक हात गळ्यातल्या झोळीत, दुसऱ्या हातात वाइनची बाटली, कोटाला कोंबडीचं पीस चिकटलेलं. तो पायरीपाशी थांबला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मी फार वेळ नाही थांबणार. तुम्हाला अडचण होणार असेल, तर..."

मागे सगळं गाव कुडकुडत उभं होतं.

विदोसावा पायऱ्या उतरून खाली आली. तिनं त्याच्या हातातली बाटली घेतली. तिचा आवाज फाटकापर्यंत खणखणीत पोचला.

"घरी एवढे पाहुणे आलेत आणि तू इथे उभा? एक हात धड आहे ना? मग चल आत, लोकांचे कोट घे!"