एक तळहात, एक टक्का

काल धाकट्या भावाच्या अंगावर एकतीस तळहात पुरळ होतं. रुग्णाचा तळहात म्हणजे कातडीचा एक टक्का, हे ताईला पाठ होतं. इस्पितळातल्या आजारांच्या नोंदींना कोड क्रमांक देणं हीच तिची नोकरी. मूळपेशी रोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णावरच उलटून असं पुरळ उठलं, तर त्यालाही कोड क्रमांक होता. इथे दाता तीच होती. “तुझ्याच पेशी त्या, भांडणारच,” भाऊ हसला. “लहानपणी रिमोटसाठी काय बोचकारायचीस!” “गप रे. हात दे इकडे.” पुरळ पन्नाशीपार गेलं, तर औषधंही हात टेकतील, असं डॉक्टरांनी फक्त तिलाच सांगितलं होतं. त्याचा तळहात त्याच्याच पोटावर, पाठीवर, पायांवर ठेवत ती मोजू लागली. एकोणपन्नासला तिने त्याचा हात तसाच धरून ठेवला. “अडलीस ना? गणित पहिल्यापासून कच्चं तुझं,” म्हणत पुढचे तळहात त्यानेच मोजले. “लिही,” तो म्हणाला. तिने लिहिलं: अठ्ठावन्न टक्के.